पाठवलेलं मूल परत येतं तेव्हा: कोकणात नव्यानं दवाखाना मांडणाऱ्या बालरोगतज्ज्ञासाठी

एमडी किंवा डीसीएच पदरात पाडून दापोली, गुहागर, श्रीवर्धन, देवगड अशा किनाऱ्यावरच्या गावी पहिल्यांदाच पाटी लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी दापोलीत एकवीस पावसाळे काढले. आलो तेव्हा वाटत होतं, ताप, जुलाब, दमा आणि लसी यांतच दिवस जाणार. अर्धा दिवस जातोच. उरलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल मला कॉलेजात कुणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्या आधीची पिढी गोवर, डांग्या खोकला आणि जुलाबानं सुकलेली पोरं यांच्याशी झुंजली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तुमच्यातल्या बहुतेकांनी तो आजार पुस्तकातच पाहिला असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. त्या कामाचा निकाल रातोरात लागतो. गोळी द्यायची, उशाशी बसून राहायचं, सकाळी पोर उठून चहा-बटर मागतं, आजी पाया पडायला येते. आता दवाखान्यात जे वाढलंय ते तसलं नाही. अकराशे ग्रॅमचं बाळ नवजात अतिदक्षता कक्षातून जिवंत घरी येतं. हृदयाचं भोक मुंबईत बुजवलं जातं. ही मुलं वाचतात आणि वाडीवर परत येतात, प्रत्येक आजाराची वेगळी फाइल घेऊन. हृदयाची परळची, झटक्यांची, म्हणजे अपस्माराची पुण्याची, फिजिओथेरपीची डेरवणची, डोळ्यांची आणखी कुठली. प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरता बरोबर असतो. या सगळ्या फायलींचं मिळून एक मूल आहे, हे बघणारा माणूस मात्र कुणी नेमलेला नसतो. तो तुम्ही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६७ मध्ये ‘मेडिकल होम’ हा शब्द आणला तो अगदी साध्या अर्थानं: दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलाचे सगळे कागद जिथं एकत्र राहतील ती जागा. पुढं त्या शब्दावर पुष्कळ मजले चढले. मला अजून तळमजलाच पुरतो.

पहिली पायरी: एसटी स्टँडवर जा

खरंच जा. कुठल्या वाडीची गाडी किती वाजता येते आणि परतीची शेवटची कधी सुटते, हे वहीत लिहून घ्या. मी पहिली दोन वर्षं जुनाट आजारांच्या मुलांना संध्याकाळी पाचनंतर बोलवायचो, कारण तेव्हा ओपीडी ओसरते. ती येत नसत आणि मी आयांना बेफिकीर ठरवून मोकळा होत असे. पुढं कधीतरी कळलं, त्यांची शेवटची गाडी साडेचारची होती. आता बुधवारी साडेदहा ते एक ही वेळ फक्त त्यांची. सर्दी-खोकल्याला त्या वेळात आमच्या सिस्टर दारातूनच सांगतात, “जरा बसा, बाळ.”

याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालय आणि जवळची प्राथमिक आरोग्य केंद्रं पायाखाली घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक कुठं बसतं ते विचारा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून, म्हणजे आपल्या कोकणातूनच सुरू झाला. पथक वर्षातून दोनदा अंगणवाड्या आणि एकदा शाळा तपासतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं या कार्यक्रमात येतात. त्या डॉक्टरांना तुमच्या दवाखान्याचा नंबर द्या आणि त्यांचा घ्या. भेटीला जाताना आपण खासगीतले तज्ज्ञ आहोत हे घरी विसरून जा. काही वेळा ते तुमच्यापेक्षा जास्त घरं ओळखतात.

दुसरी पायरी: वीस मुलं निवडा

सगळ्यांचं सगळं करायला गेलात तर तीन महिन्यांत दमाल. साधी कसोटी लावा. ज्या मुलाला दोनपेक्षा जास्त तज्ज्ञ बघतात, किंवा ज्याचं रोजचं औषध बंद झालं तर महिन्याभरात जिवावर बेतेल, त्याचं नाव एका जाड रजिस्टरात. माझ्या पहिल्या वीसांत झटक्यांची सात होती, किडनीतून प्रथिनं जाणारी, म्हणजे नेफ्रॉटिकची तीन, डाउन सिंड्रोमची दोन, मधुमेहाचा एक, संधिवातज्वरानं हृदयाची झडप बिघडलेली एक मुलगी, बाकी किरकोळ. रजिस्टर कागदी ठेवा. संगणकात जरूर भरा, पण आमच्याकडची वीज तुम्ही अजून पाहिलेली नाही.

नावापुढं ‘पुढचं काम काय आणि कधी’ असा एकच रकाना हवा. झडपेच्या मुलीला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. डाउनच्या बाळाला सहा महिन्यांनी आणि वर्षानं थायरॉइडची तपासणी, पुढं दरवर्षी. हे थायरॉइडचं मुद्दाम सांगतो. माझ्याकडं एक मुलगा तीन वर्षांचा होऊन आला. हृदयाची शस्त्रक्रिया सुंदर झालेली, कानाची तपासणी झालेली, डोळ्यांची झालेली. थायरॉइड एकदाही नाही. तिन्ही ठिकाणी प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केली असेल. आकडा बराच चढलेला निघाला. अशी भोकं कुणा एकाच्या चुकीनं पडत नाहीत. ती दोन तज्ज्ञांच्या मधल्या जागेत पडतात, आणि त्या जागेवर आपली खुर्ची आहे.

तिसरी पायरी: एक कागद

इथं थोडा थांबतो, कारण बाकीचं काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

प्रत्येक मुलाचा एकच कागद. पुढच्या बाजूला डॉक्टरांसाठी, मागं घरच्यांसाठी मराठीत. पुढं वरच आजाराचं नाव एका वाक्यात, आणि वजन तारखेसह. मग औषधं. औषध लिहिताना ‘पाच एमएल’ एवढंच कधीही लिहू नका. साधं पॅरासिटामॉल घ्या: बाजारात पाच एमएलला १२५ मिलिग्रॅमचंही सिरप आहे, २५० चंही आहे, आणि थेंबांची बाटली एका एमएललाच १०० मिलिग्रॅमची. झटक्यांच्या औषधात असा घोटाळा झाला तर विचारायलाच नको. म्हणून मिलिग्रॅम, त्यापुढं बाटलीची ताकद, मग एमएल. त्याखाली ‘काय देऊ नये’ हा चौकोन, लाल शाईत.

तो चौकोन एका पोरामुळं आला. आठ वर्षांचा, हर्णैचा, बाप खलाशी. तीन आठवडे खोकला हटत नव्हता, डांग्या खोकल्याची शंका आली, म्हणून मी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं. तिसऱ्या दिवशी आई त्याला बखोटीला धरून घेऊन आली. भिंतीला टेकत चालत होता, डोळे स्थिर राहत नव्हते, उलट्या. “दारू प्यायल्यागत करतोय, डॉक्टर.” तो मुंबईच्या एका रुग्णालयातून झटक्यांसाठी कार्बामॅझेपिन घेत होता. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतात त्या औषधाची विल्हेवाट रोखतं आणि रक्तातली पातळी चढत जाते. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. पण फाइल घरी ट्रंकेत होती. खोकल्यासाठी आलोय तर झटक्यांची फाइल कशाला आणायची, हा आईचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. विचारायला हवं होतं ते मी. पोरगा दोन दिवसांत सावरला, मी जरा जास्त दिवसांनी.

कागदाच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी, मोठ्या अक्षरांत: रोज काय द्यायचं, कोणतं लक्षण दिसलं तर घरी काय करायचं, आणि कोणतं दिसलं तर १०८ ला फोन करायचा. आई वाचून दाखवेपर्यंत कागद हातात देऊ नका. आईला वाचता येत नसेल तर मोठ्या बहिणीला बोलवा. बहुतेक घरांत औषधं तीच देत असते.

कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि घरातल्या दोन फोनांवर त्याचा फोटो काढून द्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या एका नातेवाइकांकडं राहणाऱ्या माझ्या एका मुलीची सात वर्षांची फाइल चिखलात गेली. कागदाचा फोटो मामाच्या फोनवर होता, म्हणून चौथ्या दिवशी तिची औषधं बरोबर सुरू झाली.

चौथी पायरी: चिठ्ठीत प्रश्न विचारा

‘काइंडली डू द नीडफुल’ असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलेलं मूल मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत पहिल्यापासून सुरू होतं. सगळ्या तपासण्या पुन्हा, सगळा इतिहास पुन्हा, तोही रात्रीच्या गाडीनं उभ्यानं आलेल्या बापाच्या तोंडून. इथून परळ दोनशेहून जास्त किलोमीटर आहे. एका फेरीला दोन दिवसांची मजुरी, भाडं आणि कुणाच्या तरी चाळीतल्या खोलीत अडचणीतली जागा लागते.

म्हणून चिठ्ठीत आधी प्रश्न. ‘व्हॅलप्रोएट कमाल डोसवर असूनही आठवड्याला दोन झटके येतात, दुसरं औषध जोडावं का, कोणतं?’ त्याखाली आजवर काय झालं, कोणत्या तपासण्या पुन्हा करायची गरज नाही, आणि शेवटी ‘फेरतपासणीचं रक्त, वजन, रक्तदाब इथं बघू शकतो’ हे वाक्य. या वाक्यानं माझ्या मुलांच्या मुंबईच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या आहेत. मोठ्या डॉक्टरांना माहीतच नसतं की दापोलीत कुणी रक्तदाबाचा मुलांचा पट्टा बाळगून आहे.

फोन करायला लाजू नका. वरिष्ठ प्राध्यापक उचलणार नाहीत; वॉर्डातला रेसिडेंट उचलतो, फक्त दुपारी अडीच-तीनला करा, सकाळच्या राउंडच्या वेळी नको. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आल्यापासून व्हिडिओवर सल्ला घेणंही रीतसर झालं आहे. मूल तुमच्या टेबलावर, आई शेजारी, पलीकडं न्यूरॉलॉजिस्ट. तपासणारे हात तुमचे असल्यानं त्यालाही धीर येतो. मुलाचा व्हिडिओ पाठवण्याआधी आईबापाला विचारा आणि विचारल्याची नोंद करा.

पाचवी पायरी: परत आल्यावर पिशवी ओतायला लावा

मूल मोठ्या रुग्णालयातून सुटून आलं की आठवड्याच्या आत बघा. सिस्टरना सांगून ठेवा, ‘मुंबईहून आलोय’ असा फोन आला की नंबराची वाट न बघता तारीख द्यायची. आणि आईला सांगा, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आण. जुनी, अर्धी, शेजारणीनं दिलेलीसुद्धा.

टेबलावर ती पिशवी ओतली की डिस्चार्ज कार्डावर नसलेलं सगळं कळतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं चालू असतं. बंद केलेलं चालू असतं. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं होतं, ते बाटली संपली म्हणून एकदम थांबलेलं असतं. लसींचं कार्डही याच दिवशी बघा. नेफ्रॉटिकचं मूल मोठ्या डोसाच्या स्टेरॉइडवर असेल तर गोवरासारखी जिवंत लस थांबवावी लागते, आणि औषध उतरल्यावर ती आठवणीनं द्यावी लागते. थांबवणारे पुष्कळ भेटतात, आठवण ठेवणारा कुणी नसतो.

वजन, उंची आणि लहान बाळाच्या डोक्याचा घेर आलेखावर स्वतः टिंबानं मांडा. हे काम कुठल्याच सुपरस्पेशालिस्टच्या वाट्याचं नाही. या भेटीला चाळीस मिनिटं लागतात. लागू देत.

सहावी पायरी: निर्णय कोण घेतं ते ओळखा

समोर आई बसलेली असते आणि निर्णय भलतीकडं होतो. बाप मुंबईत, नाहीतर बोटीवर, नाहीतर कुवेतला. घरात आजी-आजोबा. आई मान डोलावते, घरी जाते आणि काहीच होत नाही. तिला दोष देण्याआधी तिच्या देखत बापाला फोन लावा. आखातातला असेल तर त्याच्या सुटीचा वार विचारून घ्या. सगळ्यांना पटवायचं मोठं काम, म्हणजे शस्त्रक्रिया किंवा पोटात नळी घालणं, असेल तर गौरी-गणपतीची किंवा शिमग्याची वाट बघा. चाकरमानी घरी येतात, ओटीवर सगळे एकत्र बसतात. माझे कित्येक अवघड निर्णय विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झालेत.

चालीरीतींशी भांडू नका, त्यांच्या तारखा मात्र पाठ ठेवा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हावी लागते; चुकली तर काही बाळांची नजर कायमची जाते. आणि बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. दोन्हींची टक्कर ठरलेली. मी पहिल्याच दिवशी आजीला म्हणतो, “आजी, डोळ्यांची वेळ सव्वा महिन्याच्या आधी संपते. नेम मोडायचं पाप माझ्या डोक्यावर.” आजी हसते आणि स्वतः बाळाला गुंडाळून गाडीत बसते. भगताकडं गेलेत असं कळलं तरी रागावू नका. अंगारा कपाळावर असू दे, पोटात गोळी गेल्याशी कारण.

सातवी पायरी: वाडीतला माणूस

दवाखान्यात मूल महिन्यातून वीस मिनिटं दिसतं. बाकीचा वेळ ते आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि शाळेतल्या गुरुजींच्या नजरेत असतं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडं आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते, पुढं पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. तुमच्या वीस मुलांच्या वाड्यांतल्या आशाताईंचे नंबर रजिस्टरात हवेत. त्यांना हुकूम देऊ नका, कळवा. ‘ताई, अमुकच्या पोराचं औषध बदललंय, जाल तेव्हा बाटलीवरचं नाव बघाल का?’ एवढं पुरतं. पुढच्या वेळी त्या आपणहून फोन करतात.

गुरुजींना झटका आल्यावर काय करायचं ते दाखवून द्या: कुशीवर वळवणं, तोंडात काही न घालणं, घड्याळ बघणं. कांदा आणि चप्पल हुंगवायची सवय शाळांत अजून आहे. चिठ्ठी लिहून भागत नाही, एकदा जाऊन दाखवावं लागतं.

आठवी पायरी: मृगाच्या आधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्टर उघडून एकेका घरी फोन. औषधं दोन महिन्यांची भरून घ्या. घाट बंद, खाडीवरची फेरी बंद, एसटी बंद असं एकाच दिवशी होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडची वीज आणि फोन कित्येक दिवस गेले. माझ्या मधुमेही मुलाच्या घरच्यांनी इन्सुलिन माठात माठ ठेवून, मधे ओली वाळू भरून टिकवलं. ते त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं म्हणून. झटक्यांच्या मुलाच्या घरी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा असावा, आणि तो कुठल्या फडताळात आहे हे घरातल्या तिघांना माहीत असावं. नेफ्रॉटिकची मुलं पावसातल्या सर्दीपडशानं पुन्हा सुजतात. त्यांच्या घरी लघवी तपासायच्या पट्ट्या आणि वही. पट्टीवर प्रथिनं तीन दिवस लागोपाठ ‘तीन अधिक’ (३+) आली की सूज यायची वाट न बघता फोन.

नववी पायरी: सरकारी कागद आणि तुमची फी

दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम वगैरेंसाठी एक लाखापर्यंतचा निरामय विमा. एवढ्यांची माहिती तुम्हाला हवी, फॉर्म भरणारा दुसरा शोधा. जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातले आरोग्यमित्र असतात. यूडीआयडीसाठी आमच्याकडं झेरॉक्सवाला आहे, तो माझ्यापेक्षा हुशार आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र निघालं की बहुतेक सवलतींची दारं उघडतात.

फीचं स्पष्ट बोलतो. या कामाला कुणी वेगळे पैसे देत नाही. चाळीस मिनिटांच्या भेटीची मी दुप्पट फी घेतो, तिचं कारण आधी सांगतो, आणि फोनवरच्या विचारपुशीचं काही घेत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांचं रजिस्टरात एक खूण करून सोडून देतो. माझा खर्च सर्दी-खोकल्यावर निघतो. तुमच्यावर दवाखान्याचं कर्ज असेल तर वीसऐवजी दहा मुलं घ्या, पण ती नीट घ्या.

दहावी पायरी: चौदाव्या वर्षापासून सोडायला लागा

ही पायरी मला उशिरा सुचली. अठराव्या वर्षी मूल मोठ्यांच्या डॉक्टरकडं जायला हवं. जात नाही, मिशा फुटलेले तरुण माझ्या ससा-हत्तीच्या भिंतीखाली अवघडून बसतात. म्हणून चौदा पूर्ण झाले की बुधवारच्या भेटीतली पहिली पाच मिनिटं आईला बाहेर बसवतो. मुलानं स्वतः सांगायचं: आजाराचं नाव काय, गोळी किती मिलिग्रॅमची, चुकली तर काय करायचं. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे आईला हाक मारतात. मग एक दिवस कागदाची पुढची बाजू कोऱ्या कागदावर त्यांनाच लिहायला लावतो, मी फक्त स्पेलिंग दुरुस्त करतो. क्लॅरिथ्रोमायसिनवाला हर्णैचा पोरगा आता तारवावर जातो. मागच्या नारळी पौर्णिमेच्या आधी तो गावातल्या फिजिशियनकडं पहिल्यांदा एकटा गेला. त्यांचा मला फोन आला, “तुमचा पेशंट आलाय. मी काही विचारायच्या आधीच लाल चौकोन दाखवतोय.”